बाटग्यांची नामावळी : एक रॅप-गीत, त्याचे रॉक-रूप आणि आपली शाहिरी

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्या बैठकीत तरुणांच्या संगीताचा विषय निघाला की बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक असे की, हा सारा पाश्चात्त्य गोंगाट असून त्यापासून मुलांना दूर ठेवणे हेच आपले काम. दुसरे असे की, मुलांना हे आवडतेच, तर त्याच चालींवर आपले शब्द बसवून ते उपासनेत आणावे. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसतात. परंतु एका बाबतीत ती सारखीच आहेत. त्या संगीतात काय म्हटले आहे, हे ऐकण्याचे कष्ट दोन्ही पक्ष घेत नाहीत. एकाला ते टाकायचे आहे, दुसऱ्याला ते वापरायचे आहे. समजून कोणालाच घ्यायचे नाही.

प्रस्तुत लेखात एका गीताचा व त्याच्या पुनर्गायनाचा विचार करावयाचा आहे. गीत अमेरिकेतील आहे. १९८३ साली आफ्रिका बंबाटा आणि त्याचे 'सोलसॉनिक फोर्स' हे साथीदार यांनी ते ध्वनिमुद्रित केले. त्याचे नाव 'रेनिगेड्स ऑफ फंक'. पुढे २००० साली 'रेज अगेन्स्ट द मशीन' या लॉस एंजेलिसच्या रॉक वाद्यवृंदाने ते आपल्या पद्धतीने पुन्हा गायिले. एकाचे गीत दुसऱ्याने घेऊन नव्याने गाणे याला त्या जगात 'कव्हर' म्हणतात. आपण येथे पुनर्गायन म्हणू. या जोडीशेजारी आपल्या मराठी शाहिरीतील एक रचना ठेवून पाहिली, तर दोन्हींवर प्रकाश पडतो असे मला वाटते. ती रचना म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड.

१. गीताची जन्मभूमी

हिप-हॉपचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ हा मानला जातो. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने त्या दिवशी एका इमारतीच्या सभागृहात तबकड्या वाजवून नाचाचा कार्यक्रम केला. गीतातील केवळ ठेक्याचा तुकडा दोन तबकड्यांवर पुनःपुन्हा वाजवायचा आणि त्यावर तालात बोलायचे, अशी ही कला. तीत गायनापेक्षा ठसकेबाज उच्चाराला महत्त्व आहे. पोवाडा ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. शाहीरही डफाच्या थापेवर पुष्कळदा गात नाही, तो सांगतो. आणि झीलकरी त्याचा शेवटचा शब्द उचलून धरतात.

त्या काळचा ब्राँक्स म्हणजे जळालेल्या इमारतींचा, बेकारीचा आणि तरुणांच्या टोळ्यांचा भाग होता. बंबाटा स्वतः 'ब्लॅक स्पेड्स' या टोळीतून आलेला. टोळीयुद्धाऐवजी नाच, ठेका, चित्र आणि शब्द यांत तरुणांनी एकमेकांशी स्पर्धा करावी, या विचाराने त्याने 'झुलू नेशन' ही संघटना उभी केली. त्यामुळे या गीताचे राजकारण प्रथम त्याच्या शब्दांत नाही, तर ते जेथे वाजले त्या अंगणात आहे. कालपर्यंत सुरे घेऊन समोरासमोर येणारी मुले एका ठेक्यावर नाचू लागतात, हाच पहिला जाहीरनामा होय.

याच काळातले, १९८२ सालचे 'द मेसेज' हे ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे गीत अधिक प्रसिद्ध आहे. त्यात वस्तीच्या दैन्याचे सरळ वर्णन आहे. 'रेनिगेड्स ऑफ फंक'मध्ये दैन्याचे वर्णन जवळजवळ नाही. तेथे वेगळेच काही घडते. ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात पूर्वज नाहीत असे सांगितले गेले, ते आपले पूर्वज स्वतः निवडतात. 'आम्ही असे जगतो' हे सांगणारे गीत आणि 'आम्ही अमक्यांचे वंशज आहोत' हे सांगणारे गीत, यांत फरक आहे. पहिले करुणा जागवते. दुसरे अधिकार सांगते.

२. दोन अपशब्दांचे शीर्षक

'रेनिगेड' या शब्दाचे भाषांतर आपण सहज 'बंडखोर' असे करू. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. हा शब्द स्पॅनिश 'रेनेगादो'वरून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे. ज्याने नाकारले, ज्याने श्रद्धा सोडली, तो रेनिगेड. विशेषतः ख्रिस्ती धर्म सोडून इस्लाम स्वीकारणारा. म्हणजे मुळात ही धर्मसंस्थेच्या तोंडची शिवी आहे. तिचा नेमका मराठी प्रतिशब्द 'बंडखोर' नव्हे, तर 'बाटगा' हा आहे.

हा शब्द आपल्या वाचकांना नवीन नाही. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या काळच्या समाजाने त्यांच्यासारख्यांना ज्या नावाने ओळखले ते हेच. मराठी ख्रिस्ती घराण्यांतून या शब्दाची सल पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. गंमत अशी की, युरोपात ज्या शब्दाने मंडळीबाहेर गेलेल्यांना हिणवले, त्याच अर्थाच्या शब्दाने महाराष्ट्रात मंडळीत आलेल्यांना हिणवले गेले. शिवी तीच, फक्त दार बदलले.

'फंक' या शब्दाची कथाही अशीच. कृष्णवर्णीयांच्या बोलीत त्याचा मूळ अर्थ घामट, कोंदट वास असा आहे. १९६० नंतरच्या दशकात जेम्स ब्राऊन आदींच्या संगीताला हे नाव चिकटले आणि हिणवण्याचा शब्द अभिमानाचा झाला. शरीराला, श्रमाला, घामाला जो वास येतो तो लपवायचा नाही, असा त्या संगीताचा बाणा आहे. तेव्हा या गीताचे शीर्षक म्हणजे दोन अपशब्दांची जोड आहे आणि दोन्ही अपशब्द बिरुदासारखे मिरवले आहेत. 'दलित' या शब्दाचे आपल्याकडे काय झाले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही क्रिया परिचित वाटेल. अंत्युखियात शिष्यांना प्रथम 'ख्रिस्ती' म्हटले गेले, तेही बाहेरच्यांनी दिलेले नाव होते, हेही येथे आठवावे.

३. चार नावे

गीताच्या मध्यभागी एक नामावळी आहे. तिच्यात चार नावे ठळकपणे येतात : सिटिंग बुल, टॉम पेन, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स. हे आपापल्या काळाचे बंडखोर होते असे सांगून गीत पुढे जाते. आणि इतिहासाचा प्रवाह बदलणारी माणसे ही तुमच्याआमच्यासारखी साधीच असतात, असा त्याचा आशय आहे.

ही चौकडी नीट पाहण्यासारखी आहे. सिटिंग बुल (सुमारे १८३१–१८९०) हा लकोटा आदिवासींचा पुढारी. गोऱ्यांच्या विस्ताराला त्याने विरोध केला आणि अटकेच्या प्रयत्नात तो मारला गेला. टॉम पेन (१७३७–१८०९) हा इंग्रज, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा प्रचारक आणि चर्चचा कठोर टीकाकार. धर्मगुरूंनी त्याला नास्तिक ठरवले. डॉ. किंग (१९२९–१९६८) हे बाप्तिस्त मंडळीचे पाळक. माल्कम एक्स (१९२५–१९६५) हा बाप्तिस्त उपदेशकाचा मुलगा, पुढे मुसलमान झालेला, आणि किंग यांच्या अहिंसेच्या मार्गावर टीका करणारा. म्हणजे पूर्वजांचा धर्म राखणारा आदिवासी, बुद्धिवादी, पाळक आणि मुसलमान, असे चौघे एका ओळीत बसवले आहेत. यांतील कोणाही दोघांची सभा एका मंडपात भरली असती की नाही, शंकाच आहे.

इतिहासाच्या दृष्टीने हा सैलपणा आहे असे कोणी म्हणेल. तसा तो आहेही. परंतु नामावळी ही इतिहासग्रंथाची रीत नव्हे, ती स्मरणाची रीत आहे. कोणाचे कोणाशी पटत होते, हे ती सांगत नाही. आम्ही कोणाचे ऋण मानतो, एवढेच ती सांगते.

आणि या चौघांतला एक तर आपल्या घरचा आहे. टॉम पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' हे पुस्तक महात्मा फुले यांनी तरुणपणी वाचले आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पुढे १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली, ती फुल्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्यानंतर नव्याण्णव वर्षांनी, १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली. तिचे नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले. पुनर्गायन हा शब्द जरा मोकळेपणाने वापरला, तर दलित पँथर हेही एक पुनर्गायनच होते : दुसऱ्या भूमीवरचा पुकार आपल्या भूमीवर, आपल्या भाषेत, आपल्या जखमेच्या मापाने पुन्हा उठवणे. तेव्हा ब्राँक्सचे गीत आपल्यासाठी अगदीच परक्याचे आहे असे समजण्याचे कारण नाही.

४. रॉक-रूप : काय राखले, काय गमावले

मूळ गीत जवळजवळ संपूर्णपणे यंत्रावर उभे आहे. निर्माता आर्थर बेकर व वादक जॉन रोबी यांच्या हातचा ड्रम-मशीनचा काटेकोर ठेका, त्यावर सिंथेसायझरचे कोरडे, चमकते स्वर आणि त्यांतून आलटून पालटून येणारे गड्यांचे आवाज. एक बोलतो, बाकीचे उचलतात. गीताला घाई नाही. मध्येच ते नुसते ठेक्यावर रेंगाळते, खोड्या काढते, नाचणाऱ्यांना हाका मारते. नावांची ओळ या साऱ्या मौजेच्या मधून जाते, जणू जत्रेतून एखादी पालखी जावी.

'रेज अगेन्स्ट द मशीन'चे रूप सुमारे साडेचार मिनिटांचे, म्हणजे मुळाहून आटोपशीर आहे. हा वाद्यवृंद आपल्या अल्बमांवर आवर्जून छापत असे की, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, सारे ध्वनी गिटार, बास, ड्रम आणि कंठ यांचेच आहेत. म्हणजे ज्या गीताचा देह यंत्राचा, ते गीत यंत्र नाकारणाऱ्यांनी उचलले. टॉम मोरेलो याची गिटार तबकडी घासल्यासारखे आवाज काढते. यंत्राची नक्कल हात करतो. जड बास आणि ड्रम यांच्यावर झॅक डी ला रोचा याचा एकच आवाज, आणि तो रागावलेला.

येथे समीक्षकाने दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. या रूपात मिळवलेले असे की, नावे ऐकू येतात. मूळ गीतात नाचता नाचता निसटून जाणारी ओळ येथे सभेतल्या घोषणेसारखी उभी राहते. १९८३ साली जे गीत अंगणातल्या मुलांनी मुख्यतः पायांनी ऐकले, ते २००० साली पुष्कळांनी प्रथमच कानांनी ऐकले. शिवाय त्याच्या चित्रफितीत गीतात नावे नसलेल्या चळवळींची व माणसांचीही जुनी दृश्ये आहेत. म्हणजे गायकांनी नामावळी केवळ म्हटली नाही, ती वाढवली.

गमावलेले असे की, 'आम्ही' हरवले. अनेक कंठांचा झेल जाऊन एक कंठ उरला. खेळकरपणा गेला. ज्याने टोळ्यांना एकत्र नाचवले ते हसू या रूपात नाही. क्रोध खरा आहे, त्याला कारणही आहे. परंतु नुसत्या क्रोधाच्या ठेक्यावर माणूस मुठी आवळतो, शेजाऱ्याचा हात धरीत नाही. माझ्या मते मूळ गीत अधिक धाडसी आहे, कारण छळल्या गेलेल्यांनी आनंद करावा हे त्यांच्याकडून कोणी अपेक्षिले नव्हते.

'परक्याने गीत पळवले' हा आरोप येथे लागू पडतो का? असा अन्याय पूर्वी झालेला आहे. लिटल रिचर्डचे १९५५ चे 'टुटी फ्रुटी' पुढच्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाने साफसूफ करून गायिले, आणि जी आकाशवाणी केंद्रे काळ्या गायकाला सहजी जागा देत नव्हती त्यांनी ते वाजवले. तेथे पुनर्गायनाने मूळ गायकाला झाकले. येथे तसे नाही. मोरेलोचे वडील केनियाचे, डी ला रोचाचे वडील मेक्सिकन वंशाचे चित्रकार. आणि या वाद्यवृंदाची शैलीच रॅपच्या ऋणातून घडलेली. त्यांनी ऋण लपवले नाही. ज्या अल्बममध्ये हे गीत आले तो सारा दुसऱ्यांच्या गीतांचाच आहे आणि त्याचे नावही या गीतावरूनच 'रेनिगेड्स' असे ठेवले. परंतु दुसरी एक विसंगती नाकारता येत नाही. तो अल्बम सोनीच्या मालकीच्या एपिक या बड्या कंपनीने डिसेंबर २००० मध्ये बाजारात आणला. तोवर गायक गट सोडून गेला होता. फुटलेल्या गटाचे एकजुटीचे गीत, तेही बड्या भांडवलाच्या दुकानात. तरीही हे शब्द अगदीच निरुपद्रवी झाले नव्हते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतील क्लिअर चॅनेल या रेडिओ कंपनीत वाजवू नयेत अशा गीतांची एक यादी फिरली. तीत या गटाची सर्वच गीते होती.

५. मैनेची नामावळी

आता आपल्या शाहिरीकडे वळू. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) वाटेगावच्या मातंग घरातले; लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईस आले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण गणात फेरफार केला : गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवाजी महाराजांना वंदन आले. म्हणजे आरंभीच्या वंदनाची नामावळीच त्यांनी बदलली. हाही एक प्रकारे जुन्या गीताचे पुनर्गायन करण्याचाच मार्ग आहे. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त पुराणाची ओवी घेतली आणि टिळकांनी अभंग घेतला, ते आठवले म्हणजे या रीतीची ताकद आपल्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

'माझी मैना' ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभासभांतून गाजलेली छक्कड. तिची रचना विलक्षण आहे. आरंभी ती निव्वळ लावणीच्या कुळातली वाटते : पोटासाठी मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोचे रूप आठवतो आहे. श्रोता हसतो, दाद देतो, स्वतःच्या घराची आठवण काढतो. मग मुंबईतील श्रीमंती व गरिबी यांचे दर्शन होते, चळवळ येते, आणि नकळत मैना ही बायको न राहता तुटलेली भूमी होते. जी ताटातूट एका गड्याची, तीच सगळ्या खंडित प्रदेशाची. आणि तेथे नामावळी येते : बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव इत्यादी बाहेर राहिलेल्या मुलखांची.

ब्राँक्सच्या गीतात माणसांची नावे आहेत, येथे गावांची. पण काम एकच. जे आपले असून आपले मानले जात नाही, त्याचा नावानिशी उच्चार करणे. आणि दोन्हींकडे नावांच्या आधी हसू आहे. अण्णाभाऊंनी प्रथम श्रोत्याला रिझवले, मग त्याच्या हातात दुःख ठेवले. रॉक-रूपाने जी गोष्ट गमावली असे वर म्हटले ती हीच : पहिली पायरी.

पुढे शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारख्यांनी ही छक्कड गायिली. उमपांचा अंत २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, एका कार्यक्रमातच झाला. आज समारंभांतून हे गीत ऐकू येते तेव्हा एक धोका लक्षात ठेवावा. केवळ पूर्वार्ध गाऊन थांबले, तर ते सुंदर विरहगीत उरते आणि त्याचा दंश निघून जातो. पूर्ण गायिले, तरीही महाराष्ट्र दिनाच्या आनंदात ते विजयगीतासारखे ऐकले जाऊ शकते. वस्तुतः ते अपुरेपणाचे गीत आहे. गीत मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्यावर बंदी घालणे हा नव्हे. त्याचा सत्कार करणे हा आहे.

६. नामावळीबाहेरचे

मी हे तिरोडीत बसून लिहितो आहे, म्हणून एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. मैनेच्या नामावळीत बालाघाट नाही.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बनवला गेला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, बालाघाट येथेच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. सीमा जमिनीवर आली, जमिनीखाली नाही. मँगनीजचा जो पट्टा नागपूर जिल्ह्यातील मनसरपासून भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग व चिखला या खाणींतून येतो, तोच तिरोडीत आणि पुढे भरवेली व उकव्याकडे जातो. तुमसर रोडहून येणारी रेल्वे हीच या खाणगावाची जुनी नाळ. येथे घरात मराठी आहे, पोवारी आहे, गोंडी आहे; शाळेत व कचेरीत हिंदी आहे. झाडीपट्टीची दंडार आणि खडी गंमत येथल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. परंतु ज्या लढ्याने बेळगावचे नाव घेतले त्याने या मुलखाचे नाव गाण्यात घेतले नाही. आणि ज्या राज्यात आम्ही आहो त्याच्या गीतांतही ही बोली सहसा नाही.

हे गाऱ्हाणे म्हणून मी सांगत नाही. नामावळीचा स्वभाव समजावा म्हणून सांगतो. प्रत्येक नामावळी कोणाला तरी आत घेते आणि त्याच वेळी कोणाला तरी बाहेर ठेवते. मैनेत आदिवासींच्या डांगचे नाव आहे, पण ते मुलुख म्हणून आहे. तेथल्या माणसांनी स्वतःला काय म्हटले असते, हा प्रश्न तेथे नाही. ब्राँक्सच्या गीतात ठळकपणे येणाऱ्या चार नावांत एकही स्त्री नाही, हे आजच्या श्रोत्याने विचारलेच पाहिजे. रोझा पार्क्सवाचून किंग यांचा मोंटगोमेरीचा लढा सांगता येत नाही.

मराठीत नामावळीचा एक सुंदर नमुना बहिणाबाईंच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगात आहे : वारकरी पंथाची इमारत, तिचा पाया ज्ञानदेव, आणि शेवटी तुकोबांचा कळस. रचना अत्यंत रेखीव. पण कळस चढला की बांधकाम संपते. याच्या शेजारी इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय ठेवून पाहावा. हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम, सारा असे करीत लेखक राहाब या परक्या वेश्येपर्यंत येतो. मग गिदोन इत्यादींची नुसती नावे घेऊन तो म्हणतो की सांगत बसण्यास वेळ पुरणार नाही. आणि त्यापुढे ज्यांची नावेच नाहीत अशा छळल्या गेलेल्यांचा उल्लेख करतो. शेवट तर असा की, ते आपल्यावाचून पूर्ण होणार नव्हते. येथे कळस नाही. भिंत मुद्दाम अर्धी ठेवली आहे. मत्तयाच्या वंशावळीतही तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी यांनी वडिलांची सरळ ओळ वाकडी केली आहे. ज्या नामावळीत खिंडार आहे, तीच जिवंत असते.

७. गीत, कर्ता आणि किंमत

एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून हा विचार प्रामाणिक होणार नाही. २०१६ सालापासून अनेक पुरुषांनी जाहीरपणे आरोप केले की, आपण अल्पवयीन असताना बंबाटाने आपल्यावर लैंगिक अत्याचार केले. त्याने ते नाकारले. मग त्याच्या गीताचे काय करावे? 'कला वेगळी, कलावंत वेगळा' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. गीत फेकून देणेही सोपे आहे. आपण धर्मसेवकांनी तरी पहिल्या वाक्यामागे लपू नये, कारण संस्थेच्या चांगल्या कामाच्या आड मुलांचे दुःख कसे झाकले जाते, हे चर्चच्या इतिहासानेही दाखवले आहे. माझे मत असे : गीताची परीक्षा गीताच्याच मापाने करावी. जे गीत साध्या, दुर्लक्षित माणसाचे नाव घ्या असे सांगते, ते गाणाऱ्याने दुखावल्याचे सांगणाऱ्यांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले पाहिजे, मग बोट कर्त्याकडेच का असेना. गीत त्याच्या कर्त्यापेक्षा मोठे असेल, तर ते त्याच्यावरही उलटले पाहिजे. नामावळीत कर्त्याला आपोआप जागा नसते.

दुसरी गोष्ट गाण्याच्या किमतीची. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात एका वृद्ध शाहिरावर त्याच्या गीतामुळे खटला चालतो. ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली आणि गीते संभाजी भगत यांची होती. पुनर्गायन स्वस्त आहे की महाग, यावरून त्याचा खरेपणा पुष्कळदा कळतो. २०१९ साली 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप-गटाने वारली आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर गीत केले, त्यात आरे जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा स्वतःचा आवाज आहे. ज्याचे दुःख, त्याचा कंठ. ही गोष्ट मला अनुकरणीय वाटते.

यावरून आपल्या कामासाठी तीन प्रश्न हाती लागतात. तरुण एखादे गीत ऐकत असतील वा गात असतील, तर ते 'आपले' की 'परके' हे विचारण्याआधी हे विचारावे : या गीतात नावे कोणाची घेतली आहेत? ती घेण्याचा कंठ कोणाचा आहे? आणि ती घेतल्याने गाणाऱ्याला काही मोजावे लागते का? हेच प्रश्न आपल्या उपासना-संगीताला लावून पाहावेत. एखादी लोकप्रिय चाल उचलून तीवर चार धार्मिक शब्द बसवले, तर आपण पॅट बूनचे काम करतो : ठेका घेतला आणि घाम पुसून टाकला.

त्याऐवजी धर्मशिक्षकांनी एक साधा पाठ घ्यावा. इब्री पत्राचा तो अध्याय वाचून झाल्यावर मुलांना त्यांची स्वतःची नामावळी करू द्यावी, त्यांच्या बोलीत, हव्या त्या ठेक्यावर. मग तो डफाचा असो की मोबाइलमधल्या यंत्राचा. तीत खाणीत राबलेला आजा येईल, धान रोवणारी आजी येईल, कदाचित असा कोणी येईल ज्याला गावाने अजून बाटगाच म्हटले आहे. काही नावे आपल्याला रुचणार नाहीत. ती खोडण्याची घाई करू नये. ती का घेतली ते विचारावे. आणि मुलांची यादी संपली असे वाटले की तिच्याखाली एक ओळ कोरी ठेवण्यास सांगावे.